धाकटीसाठी विश्वस्त

४ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरकडे जाऊन आले. हा माझ्या वॉर्डात शिकाऊ होता तेव्हा सुई टोचताना पेशंटपेक्षा ह्यालाच जास्त घाम फुटायचा, आणि आज मला समोर बसवून सांगतो, "मेट्रन, हृदयाची झडप कामातून गेली आहे. ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर." मी म्हटलं, वाचेन का तेवढं सांग. तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. डॉक्टर लोक पेपरवेट केव्हा फिरवतात हे मला कोणी शिकवायला नको.

मरणाचं मला काही नाही. उभा जन्म वॉर्डात त्याच्याशी उठबस होती. पण धाकटीचं काय? पन्नाशी उलटली तरी माझी बहीण सात-आठ वर्षांच्या पोरीसारखी आहे. मोजकं बोलते, चहा करते, ताटं मांडते, बटणं रंगांप्रमाणे लावत तासन्‌तास बसते. मी बाहेर निघाले की माझी एक चप्पल लपवते. आजही लपवली होती, पिठाच्या डब्यामागे. चांगली झापली तिला, आणि मग रस्ताभर माझंच मन मला खात राहिलं.

घर बाबांचं. पुढे चष्म्याचं दुकान, मागे आम्ही दोघी, वर एक भाडेकरू जोडपं, आणि मागच्या बाजूला मोकळी जागा. माझे डोळे मिटले की चुलतभाऊ धाकटीचा हात धरून पाहिजे तिथे सही उमटवून घेईल आणि तिला कुठल्या तरी संस्थेत नेऊन टाकेल. हे मी होऊ देणार नाही. उद्या वकीलबाईंकडे जाते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

वकीलबाई म्हणाल्या, ट्रस्ट करा. जागा आणि इमारत विश्वस्ताच्या नावावर जाते, सरकारदरबारी मालक तोच. पण स्वतःच्या मनाने त्याला तिथे खिळासुद्धा ठोकता येत नाही. हुकूम लाभार्थ्याचा, म्हणजे आमच्या धाकटीचा. ती सांगेल ते त्याने करायचं.

"म्हणजे नाव त्याचं आणि राज्य हिचं?" मी विचारलं.

"अगदी तसंच. फक्त माणूस पारखून घ्या, मेट्रनबाई. सगळं त्याच्यावर आहे."

माणसं पारखायला मला सांगते! पण कल्पना आवडली. आमची धाकटी आणि राज्य. घरी येऊन तिला सांगितलं तर म्हणाली, "तू कुठे जाणार?" मी म्हटलं, कुठे नाही गं बाई, चहा कर.

९ नोव्हेंबर, शनिवार

तीन उमेदवार झाले. तिघांवरही काट.

पहिला चुलतभाऊ, न बोलावता आलेला. "ताई, बाहेरचा माणूस कशाला? मी काय मेलोय?" तोंडाने हे चाललंय आणि पायाने मागच्या जागेची लांबी मोजतोय. मी म्हटलं, दमलास का रे चालून? तेव्हा थांबला.

दुसरा बँकेचा साहेब. टाय, अत्तर, सगळं जिथल्या तिथे. धाकटी समोर बसलेली असताना तिच्या डोक्यावरून मला विचारतो, "ह्यांना काही समजतं का?" धाकटीने त्याच्या चहात मीठ घातलं. समजतं हो, बरंच समजतं.

तिसरे पलीकडच्या गल्लीतले निवृत्त प्राचार्य. देवमाणूस, पण धाकटीला लिहायला-वाचायला शिकवून तिचा उद्धार करायचा ध्यास घेऊन आले होते. शिवाय दारातल्या दोन पायऱ्या चढताना जो दम लागला, त्यावरून माझ्याआधी त्यांचाच नंबर. मी त्यांना बीपीची गोळी बदलून घ्यायला सांगून रवाना केलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज वकीलबाईंनी एकाला पाठवलं. आधी कुठल्याशा घराचा विश्वस्त होता, अजून आहे म्हणे. वय सांगता येत नाही. चेहरासुद्धा आता लिहायला बसले तर आठवत नाही, आणि मी एकदा पाहिलेला पेशंट जन्मात विसरत नसे. कपडे स्वच्छ होते. चपला दाराबाहेर जोडून ठेवलेल्या.

दारात उभा राहिला. मी "या" म्हटलं तेव्हा आत आला. "बसा" म्हटलं तेव्हा बसला. तेवढ्यात वरच्या जोडप्याने नळ वाहता सोडल्याचं ऐकू आलं, म्हणून मी तणतणत वर गेले आणि भांडणात वेळेचं भान राहिलं नाही. खाली आले तर पठ्ठ्या तसाच. हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, चहाला स्पर्श नाही. चहा घ्या असं मी म्हटलं नव्हतं ना!

मी विचारलं, "ह्या घरात तुम्हाला काय आवडलं?" हा माझा हुकमी प्रश्न. ज्याला जे आवडतं त्यावर त्याचा डोळा असतो. चुलतभावाने मागची जागा म्हटलं होतं, साहेबाने रस्त्याकडची बाजू. हा म्हणाला, "काही नाही." मी म्हटलं, मग हे काम कशाला करता? म्हणाला, "सांगितलेलं करायला."

धाकटी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "उठा," म्हणाली. तो उठला. "बसा." बसला. "उठा." उठला. प्रत्येक वेळी "हो" म्हणून. धाकटी टाळ्या पिटत हसली. परक्या माणसासमोर ती कधी हसत नाही. तिने तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं, होकाका.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

होकाकांच्या आधीच्या घरी चौकशीला गेले. नुसत्या बोलण्यावर मी वॉर्डबॉयसुद्धा ठेवला नाही कधी.

घर दृष्ट लागण्यासारखं. रंग ताजा, कड्या-कोयंडे चकचकीत, झाडाचं एक वाळकं पान अंगणात नाही. आत एकटा म्हातारा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली असं वकीलबाईंनी सांगितलं होतं. पण म्हाताऱ्याचं डोकं बिचाऱ्याचं ठिकाणावर नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणतो, "ऐकलंस का गं, ह्या आपल्या विश्वस्ताची चौकशी करायला आल्यात." मग माझ्याकडे वळून, "ही म्हणते, बसा."

मी विचारलं, माणूस कसा आहे?

"मी त्याला एकच गोष्ट सांगितली होती," म्हातारा म्हणाला. "त्याने ती केली. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं."

काय सांगितलं होतं ते विचारलं तर नुसता हसला. टेबलावर दोन कप होते. मी आले तेव्हा दोन्ही भरलेले असावेत असं वाटतं; निघताना दोन्ही अर्धे होते. मी तर घेतला नाही. म्हाताऱ्यानेच दोन्ही कपांतून प्यायला असेल, असली माणसं काहीही करतात.

निघताना मानेवर गार वारं लागलं, खिडक्या सगळ्या बंद होत्या तरी. जुनी घरं. असो. सांगितलेलं करतो, घर नीट राखतो. पास.

२३ नोव्हेंबर, शनिवार

वकीलबाईंशी खडाजंगी. त्यांनी मसुद्यात घातलं होतं की विश्वस्ताने लाभार्थ्याच्या सूचना "तारतम्याने" पाळाव्यात. मी म्हटलं, हा शब्द आधी खोडा.

"अहो, तुमची बहीण उद्या काहीही सांगेल!"

"सांगू दे. आजवर तिने सांगितलेलं कुणी ऐकलंय? लोक तिच्या तोंडासमोर म्हणतात, तिला तसं म्हणायचं नसेल, तिला काय कळतंय. तारतम्य म्हणजे तेच. माझ्या वॉर्डात नियम होता, सांगितलं तेवढंच, जसंच्या तसं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. त्याने माणसं वाचली आहेत."

वकीलबाईंनी होकाकांकडे पाहिलं. ते कोपऱ्यात उभे होते. बसा म्हणायचं आम्ही दोघी विसरलो होतो. "तुमचं काय म्हणणं?"

"सांगाल तसं," होकाका म्हणाले.

वकीलबाईंनी शब्द खोडला. होकाकांकडे पुन्हा न बघता फाइल मिटून टाकली. एवढ्याशा वादाने माणसाने इतकं लावून घेऊ नये.

२७ नोव्हेंबर, बुधवार

झालं एकदाचं. सह्या झाल्या. घर होकाकांच्या नावावर, होकाका धाकटीच्या शब्दावर. मागच्या खोलीत राहायला आले, सामान एक पिशवी. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

संध्याकाळी ते धाकटीसमोर येऊन उभे राहिले. "काही सूचना?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बहिणीला असं विचारलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, लिहायला लाज कसली. धाकटीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजली. बराच वेळ.

"हो," होकाका म्हणाले.

काय म्हणाली, मी विचारलं. "ते लाभार्थ्याने सांगितल्याशिवाय सांगता येत नाही." वा! असा माणूस हवा. मी वॉर्डात असते तर ह्याला डोक्यावर घेऊन नाचले असते. नवी बटणं मागितली असतील, दुसरं काय.

२ डिसेंबर, सोमवार

आज हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. झाले नाही.

बॅग भरली होती, गाडी दारात आली होती. चप्पल नाही. ह्या वेळी दोन्ही नाहीत. मी धाकटीवर ओरडले, खूप ओरडले, जे बोलू नये ते बोलले. ती भिंतीला चिकटून म्हणत राहिली, "तू नाही जाणार. मी सांगितलंय." मी अनवाणीच निघाले. दारात होकाका उभे होते. बाजूला व्हा म्हटलं. झाले नाहीत. पहिल्यांदाच सांगितलेलं ऐकलं नाही त्यांनी.

छातीत कळ आली ती थेट जबड्यापर्यंत गेली. दाराजवळच्या खुर्चीत बसले. धाकटीने माझा हात घट्ट धरला.

आणि मग कळ गेली. एकदम, नळ बंद करावा तशी. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या शिकाऊ डॉक्टरला काडीची अक्कल नाही. म्हणे झडप!

३ डिसेंबर, मंगळवार

काल दुपारपासून घरात माणसांची ये-जा. चुलतभाऊ आला, माझ्यासमोरून गेला पण मान वर करून बघेल तर शपथ. विश्वस्त केलं नाही म्हणून अजून फुरंगटला आहे. वकीलबाई दुकानाच्या पायरीवर बसून रडत होत्या. त्यांच्या घरी काही झालं असावं. मी खांद्यावर हात ठेवला तर अंग आक्रसून उठून गेल्या.

चौघांनी मिळून पुढच्या खोलीतून काहीतरी चादरीत गुंडाळून उचलून नेलं. विचारण्याची पद्धत नाही! मी हाका मारल्या, कुणी वळून पाहिलं नाही. धाकटी तेवढी माझ्याकडे बघत होती, तोंडावर बोट ठेवून.

९ डिसेंबर, सोमवार

तब्येत झकास. गोळ्या बंद करून टाकल्या. भूक मात्र नाही. धाकटी माझं ताट मांडते आणि तसंच उचलते. सवयीने आज स्वतःची नाडी बघितली. मनगटाला मिळाली नाही, मानेलाही मिळाली नाही. बोटं बधिर झाली आहेत माझी, वय झालं. ह्या बोटांनी हजारो नाड्या पाहिल्या, आता त्यांनी तरी किती काम करायचं.

चष्मेवाल्याने धाकटीला विचारलं, "एकटी राहशील ना गं नीट?" ती म्हणाली, "ताई आहे." तो चष्मा काढून डोळे पुसायला लागला. ह्यात रडण्यासारखं काय आहे देव जाणे. आहेच की मी.

१५ डिसेंबर, रविवार

वरचं जोडपं जागा सोडून गेलं. बायको सामान बांधताना नवऱ्याला सांगत होती, नळ जरा वाहता राहिला की जिन्यावर कुणीतरी तणतणत येतं, आणि दार उघडलं तर कुणी नसतं. अहो, मी येते! आणि मी दारातच उभी असते. दोघांचे चष्मे तपासून घ्यायला हवेत.

तारीख माहीत नाही

कॅलेंडरचं पान उलटायला गेले तर उलटत नाही. ही वही तेवढी उलटते.

आज ठरवून बाहेर पडायला निघाले, नुसतं कोपऱ्यापर्यंत. उंबऱ्यापाशी पाय पुढे जाईना. कुणी धरलं नव्हतं, दुखतही नव्हतं. पुढे जागाच नसल्यासारखं झालं. मागे वळले तर होकाका.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"सूचना आहे, बाई."

"कसली सूचना?"

त्यांनी धाकटीकडे पाहिलं. ती बटणं लावत होती. तिने मान हलवली, तेव्हा ते बोलले. "ताईला जाऊ देऊ नका. कधीच."

मी खुर्चीत बसले. दाराजवळच्या त्याच खुर्चीत. ही बातमी मी जन्मभर दुसऱ्यांना देत आले. आधी बसवायचं, मग हळू आवाजात सांगायचं, मग पाणी द्यायचं. स्वतःला कशी द्यायची ते कुणी शिकवलं नव्हतं. चादरीत गुंडाळून त्यांनी काय नेलं ते कळलं. वकीलबाई का रडत होत्या ते कळलं. मी गेले होते, आणि मला जाऊ दिलं नव्हतं.

राग आला, भयंकर आला. "अहो, पण तिला असं म्हणायचं नसेल! ती घाबरली होती, मी हॉस्पिटलला निघाले होते म्हणून म्हणाली. काही तारतम्य आहे की नाही तुम्हाला?"

"ते तुम्ही खोडायला लावलंत," होकाका म्हणाले.

  मी विचारलं, "आणि तिच्यानंतर?"

"तिच्यानंतर सूचना देणारं कुणी उरत नाही. मग शेवटची सूचना चालू राहते."

"किती दिवस?"

त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि उंबरा झाडायला घेतला.

तारीख नाही

रोज तिच्या मागे लागते आहे. "राणी, एकदा त्यांना सांग. ताईला जाऊ द्या म्हण. एवढे तीन शब्द." गोड बोलून पाहिलं, धाक दाखवला, रडूनही पाहिलं. ती कानांवर हात ठेवते. काल म्हणाली, "तू गेलीस तर मला कोण रागावणार?"

ह्यावर काय बोलायचं? कधी वाटतं, बरंच आहे. तिला ताप आला तर कळतं, गॅस चालू राहिला तर हाक मारता येते. चुलतभाऊ दोनदा कागद घेऊन आला आणि दोन्ही वेळा उंबऱ्यावरून पांढराफटक पडून परत गेला. घर सुरक्षित आहे. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं आहे. आणि कधी वाटतं, ती गेल्यावर ह्या बंद घरात मी एकटी, आणि हा माणूस झाडलोट करणारा, आणि शेवटच नाही.  

तारीख नाही

चष्मेवाल्याचं दुकान बंद झालं. बंद होऊन बराच काळ गेला असावा, पाटीवरची अक्षरं उडाली आहेत. आज धाकटी उन्हात बसली होती तेव्हा पाहिलं, तिचे केस सगळे पांढरे आहेत. कधी झाले? होकाका आले त्या दिवशी जसे होते तसेच आहेत.

तिला खोकला आहे. मला ऐकून कळतं, डाव्या बाजूला खाली पाणी साठलं आहे. तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तो तिला लागला नाही. होकाकांना म्हटलं, डॉक्टर बोलवा. ते म्हणाले, "लाभार्थ्याची सूचना नाही." धाकटीला म्हटलं, सांग त्यांना. ती म्हणाली, "डॉक्टर आला की माणसं घेऊन जातात."

तारीख नाही

आज दुपारी ती उठली नाही. श्वास वरच्यावर. असे श्वास मी ओळखते. मी खाटेशी बसले आणि शेवटचं विचारलं. "आता तरी सांग गं. मी तुझ्यावर रागावणार नाही. ताईला जाऊ द्या, म्हण त्यांना. आपण दोघी बरोबर जाऊ. मी तुझा हात धरीन, हरवू देणार नाही."

तिने डोळे उघडले. होकाका पायथ्याशी येऊन उभे राहिले. "काही सूचना?"

मी देवाचा धावा केला, मी, जिने वॉर्डात कधी केला नाही. म्हण गं, म्हण.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग त्यांच्याकडे. तिला बाहेरची कायमच भीती वाटत आली. हसली आणि म्हणाली, "मला पण जाऊ देऊ नका."

"नको!" मी ओरडले. "ते धरू नका, तिला कळत नाहीये ती काय बोलतेय!"

"हो," होकाका म्हणाले. माझ्याकडे न बघता, तिला.

तारीख नाही

सकाळी धाकटी माझ्याआधी उठली. खोकला पार गेला आहे. म्हणते, ताई, मला भूकच नाही, आणि किती हलकं वाटतंय! बटणांचा डबा घेऊन येऊन बसली आहे माझ्याजवळ, खूश आहे. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी बसवायचं, मग हळू आवाजात सांगायचं. पण ती आत्ताच बसली आहे, आणि घाई कसली आता. पुढची खोली होकाका झाडून घेत आहेत.